पांढरी आणि तिचे चरित्रकार

आपल्या जुन्या महसुली भाषेंत गांवाचे दोन भाग मानलेले आहेत : काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन. पांढरी म्हणजे वस्तीची जागा. ज्या ठिकाणीं माणसें पिढ्यान्‌पिढ्या राहिलीं, चुली पेटल्या, भिंती उभ्या राहून ढांसळल्या आणि ढांसळलेल्या भिंतींवर पुन्हां घरें उठलीं, तेथील माती राखेनें पांढुरकी होते. गांव उठून गेलें तरी ही पांढर राहते. शेतकरी तिला पाहतांच ओळखतो, आणि पुराणवस्तुसंशोधकांनाही तीच खूण उपयोगी पडते. गांवाचा वारसा म्हणून ज्याला आपण आज मोठ्या आदरानें संबोधतों, त्याला मराठींत हा एक साधा शब्द पूर्वींपासूनच आहे. अशा एका पांढरीविषयीं आजवर जें लेखन झालें त्याचें परीक्षण करणें, आणि त्यांत कोणाचा आवाज ऐकूं येतो व कोणाचा येत नाहीं हें पाहणें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

नंदुरबार जिल्ह्यांत, शहादा तालुक्यांत, तापी व गोमाई यांच्या संगमावर प्रकाशा हें गांव वसलेलें आहे. हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं धुळें जिल्ह्यांतून वेगळा झाला. त्याच्या आधींच्या पिढ्या या सर्व मुलुखाला पश्चिम खानदेश म्हणत. त्याच तालुक्यांत, तापीच्याच कांठीं, सावळदा नांवाचें आणखी एक लहान खेडें आहे. प्रकाशाचें नांव यात्रेकरूंना ठाऊक आहे. सावळद्याचें नांव दूरच्या तालुक्यांत कोणी ऐकलें असेल असें नाहीं. परंतु भारताच्या ताम्रपाषाणयुगावरील कोणताही प्रमाणभूत ग्रंथ उघडला तर त्यांत 'सावळदा संस्कृति' हे शब्द हटकून सांपडतात. या खेड्याच्या पांढरींत जीं खापरें मिळालीं त्यांवर मासे, पक्षी, जनावरें आणि बाणांचीं टोंकें काळ्या रंगांत चितारलेलीं होतीं. पुढें प्रवरेकांठच्या दायमाबादेस सर्वांत खालच्या थरांत याच जातीचीं भांडीं निघालीं. ख्रिस्तपूर्व सुमारें २००० वर्षांच्या मागच्यापुढच्या काळांतील या शेतकऱ्यांना त्यांचें स्वतःचें नांव काय होतें तें कळण्यास मार्ग नाहीं. म्हणून विद्वानांनीं त्यांना एका खेड्याचें नांव दिलें. खेड्याच्या नांवानें एक संस्कृति ओळखली जावी, आणि त्या खेड्यानें स्वतःविषयीं लिहिलेलें एकही पान आपल्या वाङ्मयांत नसावें, ही स्थिति विचार करण्यासारखी आहे.

प्रकाशाची पहिली कथा माहात्म्यानें सांगितली. तापी ही सूर्याची कन्या. तिच्या कांठावरील हें संगमक्षेत्र म्हणजे दक्षिण काशी. काशीची यात्रा करून आलेल्यानेंही येथें आल्याखेरीज त्याची यात्रा पुरी होत नाहीं, अशी या प्रांतांतील लोकांची श्रद्धा आहे. केदारेश्वर, संगमेश्वर, पुष्पदंतेश्वर हीं देवळें त्या श्रद्धेचीं साक्षीदार आहेत. इंग्रजी शिकलेल्या माझ्यासारख्या माणसाला या प्रकारच्या वाङ्मयाकडे पाहून हंसण्याची संवय लागलेली असते. पण तें हंसणें उथळ आहे. माहात्म्यानें एक मोठें काम केलें. जगाच्या नकाशावर ज्याला ठिपकाही मिळाला नसता अशा गांवाला त्यानें विश्वाशीं जोडलें, आणि दारावरून वाहणाऱ्या पाण्याला कुळ दिलें. ज्या गांवाला आपण पवित्र आहोंत असें वाटतें तें आपला घाट व आपलीं देवळें सांभाळतें. ही राखण कोणत्याही सरकारी पाटीपेक्षां अधिक टिकाऊ असते.

परंतु वाङ्मय या दृष्टीनें माहात्म्याचा एक दोष झांकण्यासारखा नाहीं. तें प्रत्येक स्थळाचा गौरव दुसऱ्या स्थळाच्या नांवानें करतें. पैठण ही दक्षिण काशी, कोल्हापूर ही दक्षिण काशी, आणि प्रकाशा हीहि दक्षिण काशीच. एका माहात्म्यांतील नद्यांचीं व देवांचीं नांवें बदलून दुसऱ्यांत घातलीं तर कथेला फारशी इजा होत नाहीं. जी गोष्ट फक्त येथलीच आहे, म्हणजे उन्हाळ्यांत तापीच्या पात्रांत उघडे पडणारे खडक, गोमाईच्या अंगावर येणारा सातपुड्याचा पूर, नावाड्याची हांक, कुंभाराची भट्टी, ती त्यांत नाहीं. माहात्म्य क्षेत्र पाहतें, गांव पाहत नाहीं.

दुसरी कथा सरकारनें सांगितली. जेम्स कॅम्बेल यांच्या संपादकत्वाखालीं मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा खानदेशविषयक बारावा खंड १८८० मध्यें प्रसिद्ध झाला. या ग्रंथाची योग्यता मोठी आहे. नदीचें पात्र किती रुंद, जमीन कोणत्या जातीची, बाजार कोणत्या वारीं, देऊळ कोणत्या घडणीचें, हें त्यानें मोजून लिहिलें. आणि जें माहात्म्यांत कधींही शिरलें नसतें असें पुष्कळसें जग कागदावर आलें. पण मोजणाराची बैठक घोड्यावर आहे, हें वाचतांना विसरतां येत नाहीं. येथें गांव म्हणजे वसुलाचें एक माप. भिल्ल समोर येतो तो मुख्यतः बंदोबस्ताचा प्रश्न म्हणून. तो गातो, रडतो किंवा आपल्या नदीला कांहीं नांव देतो हें त्या लेखकांच्या कामाचें नव्हतें. त्याबद्दल त्यांना दोष देण्यांत अर्थ नाहीं. त्यांनीं जें काम पत्करलें तें चोख केलें. दोष आपला आहे कीं, आपल्या गांवाचा इतिहास लिहावयास बसलों म्हणजे अजूनही आपण प्रथम तोच खंड उघडतों आणि बहुधा तेथेंच थांबतों.

या दोन्ही परंपरांना खरें उत्तर मराठींत १९१५ सालीं मिळालें तें त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गांवगाडा' या पुस्तकानें. आत्रे स्वतः महसूल खात्यांतलेच. परंतु त्यांनीं गांवाचे शब्द गोळा केले. काळी, पांढरी, बलुतें, अलुतें, हक्क, मान यांच्या जाळ्यांत कोण पोसला जातो व कोण पिळला जातो हें त्यांनीं कोणाची भीड न धरतां सांगितलें. मराठी गद्याला खेड्याविषयीं भाबडेपणा न करतां बोलतां येतें हें त्या पुस्तकानें सिद्ध केलें. तरीही तें सर्व गांवांचें पुस्तक आहे, एका गांवाचें नव्हे. आणि बोलणारा वतनदार व अलुत्या-बलुत्यांना जवळून पाहणारा आहे, त्यांच्यांतला एक नव्हे.

तिसरी कथा कुदळीनें सांगितली. १९५५ मध्यें भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या वतीनें बी. के. थापर यांनीं प्रकाशाच्या टेकाडाचें उत्खनन केलें, आणि त्याचा सविस्तर वृत्तांत सर्वेक्षणाच्या 'एन्शंट इंडिया' या नियतकालिकाच्या १९६४-६५ च्या जोडअंकांत छापला गेला. अशा वृत्तांताचें वाङ्मयीन परीक्षण करण्याची आपल्याकडे चाल नाहीं. पण मला तें लेखन वाङ्मयाच्या दृष्टीनेंही शिकण्यासारखें वाटतें. त्यांत वस्तीचे चार कालखंड दाखविले आहेत. पहिला दगडी पात्यांचा व थोड्याशा तांब्याचा. त्यानंतर वस्ती तुटते. मग लोखंड घेऊन दुसरे लोक येतात. आणि पुढें ही कहाणी ख्रिस्तोत्तर अकराव्या शतकापर्यंत चालत येते. लेखकाला राजांचीं नांवें सांगण्याचा मोह नाहीं. माती जेवढें सांगते तेवढेंच तो सांगतो, आणि जेथें माती गप्प बसते तेथें तोही गप्प बसतो. ज्या कुंभाराचें नांव कोणाच्याही स्मरणांत नाहीं, त्याच्या मडक्याच्या कांठाची वळण तो पानेंच्या पानें पाहत राहतो. सामान्य माणसाच्या हस्तकौशल्याविषयीं इतकी निष्ठा आपल्या किती कादंबऱ्यांत सांपडेल?

परंतु येथेंही एक उणीव राहते. अशा वृत्तांतांत आज त्या टेकाडाच्या कुशींत राहणारें गांव केवळ पत्ता म्हणून येतें : अमुक नदी, अमुक तालुका, स्टेशनापासून अमुक अंतर. चार हजार वर्षांपूर्वींचा कुंभार विषय होतो. आजचा कुंभार होत नाहीं. जमीन खणणाऱ्या मजुराला त्या खापरांविषयीं काय वाटतें हें विचारण्याची पद्धत त्या शास्त्रांत नव्हती. वास्तविक पुष्कळ वेळां प्रथम पाहणारा तोच असतो. दायमाबादचे प्रसिद्ध ब्रॉंझचे रथ, हत्ती, गेंडा व रेडा हे १९७४ मध्यें कोणा पंडिताला सांपडले नाहींत. एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचें मूळ खणतांना सांपडले.

येथें एका परक्या माणसाची आठवण करणें अवश्य आहे. या भागांतील बोली प्रथम पद्धतशीरपणें छापून काढल्या त्या जॉर्ज ग्रियर्सन यांनीं. भारतीय भाषांच्या पाहणीच्या नवव्या खंडाचा तिसरा भाग १९०७ मध्यें निघाला; त्यांत भिल्लांच्या बोली व खानदेशी यांचा विचार एकत्र केलेला आहे. ग्रियर्सन हे आयर्लंडांतले. १८५१ मध्यें डब्लिनजवळ जन्मलेले व डब्लिनच्याच विद्यापीठांत शिकलेले. तुलनेसाठीं त्यांनीं प्रत्येक बोलींत बायबलांतील उधळ्या पुत्राच्या दृष्टांताचा तर्जुमा मागविला. त्यामुळें तापीकांठच्या माणसाचा शब्द त्या पाहणींत उतरला तो बराचसा परक्याची गोष्ट सांगण्यासाठीं. आणि ज्या वेळीं हा आयरिश विद्वान आमच्या बोलींची अशी नोंद करीत होता, त्याच वेळीं त्याच्या जन्मभूमींतली जुनी भाषा पश्चिम किनाऱ्याकडे हटत हटत थोड्याशा कोळ्या-शेतकऱ्यांच्या तोंडीं उरली होती.

त्या किनाऱ्यापलीकडे, केरी परगण्यासमोर, मोठें ब्लास्केट नांवाचें बेट आहे. त्यावर एकच गांव होतें. लोकवस्ती दोनशेंहूनही कमी. झाडें नाहींत, दुकान नाहीं, वैद्य नाहीं. मासे, मेंढ्या, बटाटे आणि समुद्रानें आणून टाकलेलीं फळकुटें यांवर निर्वाह. अशा या गांवानें आठ वर्षांच्या आंत तीन ग्रंथ दिले. तोमास ओ क्रिहन या कोळ्याचें आत्मचरित्र १९२९ मध्यें निघालें. त्याच्या नांवाचा अर्थ 'बेटकरी' असा होतो. मुरिस ओ सुलेवान या तरुणाचें पुस्तक १९३३ मध्यें आणि पेग सेयर्स या वृद्धेचें १९३६ मध्यें आलें. पेगबाई स्वतः लिहीत नसे. ती सांगे व तिचा मुलगा उतरून घेई. १९५३ मध्यें उरलेल्या मूठभर लोकांना मुख्य भूमीवर हलविण्यांत आलें आणि तें गांव उठलें. आज तेथें पडक्या भिंती आहेत. पण गांव त्या तीन पुस्तकांत नांदतें आहे.

हें कसें घडलें? बेटावर एकाएकीं प्रतिभेचा पाऊस पडला म्हणून नव्हे. ब्रायन केली नांवाच्या एका सुशिक्षित पाहुण्यानें तोमासला गॉर्की व लोटी यांचीं पुस्तकें वाचून दाखविलीं आणि खेडूत व कोळी यांचेंही आयुष्य ग्रंथाचा विषय होऊं शकतें हें पटविलें. ब्रिटिश म्यूझिअममधील रॉबिन फ्लॉवर हे त्या बेटावर गेले ते तोमासकडे भाषा शिकण्यासाठीं, आणि पुढें त्यांनींच त्याच्या ग्रंथाचें इंग्रजी भाषांतर केलें. विद्वान शिष्य झाला आणि कोळी गुरु झाला, यांत मला या साऱ्या प्रकरणाचें मर्म दिसतें. माहात्म्यकार, गॅझेटिअरकार आणि उत्खननकार हे तिघेही आमच्या गांवीं आले. पण गांवापुढें मांडी घालून शिकावयास बसले नाहींत.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो आयर्लंडांतूनच आलेला आहे. फ्लॅन ओब्रायन या विनोदी लेखकानें १९४१ मध्यें आयरिश भाषेंतच एक पुस्तक लिहून या ग्रामचरित्रांच्या भक्तांची भरपूर थट्टा केली. गरिबी, पाऊस, बटाटे आणि डुकरें यांखेरीज खऱ्या आयरिश माणसाजवळ दुसरें कांहीं असूंच नये, असें शहरांतल्या भाषाभिमान्यांना वाटूं लागलें होतें. थट्टा तोमासची नव्हती. त्याच्या दारिद्र्याला राष्ट्रीय दागिना समजणारांची होती. ही सूचना आपणही घेतली पाहिजे. खेड्याचा वारसा म्हणजे खेड्यानें जसें आहे तसेंच राहावें असा आग्रह नव्हे. आपल्या ग्रामीण वाङ्मयांत धोतराचा मळ व बोलीचे चार शब्द यांवर खेडें उभें करण्याचे प्रयोग कांहीं थोडे झालेले नाहींत. ज्याला स्वतःला बोलतां येतें त्याच्यासाठीं दुसऱ्यानें बोबडें बोलून दाखविणें हा आदर नव्हे.

मग खानदेशांत ब्लास्केटासारखें कांहीं घडलेंच नाहीं काय? घडलें, पण फार थोडें. जळगांवजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांना लिहितां-वाचतां येत नव्हतें. त्या जात्यावर, शेतांत, चुलीपाशीं जें गात तें मुलगा सोपानदेव यानें व एका आप्तानें टिपून ठेवलें. आणि त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ मध्यें, आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह तीं गाणीं प्रसिद्ध झालीं. पेग सेयर्स व बहिणाबाई या दोघी समकालीन, दोघी सांगणाऱ्या, आणि दोघींचे लेखनिक त्यांचे मुलगे. हें साम्य मला केवळ योगायोगाचें वाटत नाहीं. घरांतल्या कोणाला तरी आईचा शब्द कागदाच्या योग्यतेचा वाटावा लागतो. जेथें मुलाला शाळेनें आईच्या बोलीची लाज शिकविली, तेथें बहिणाबाई गाऊन गेल्या तरी मागें कांहीं उरत नाहीं.

भालचंद्र नेमाडे यांच्या 'हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ' (२०१०) या कादंबरीनें कुदळ आणि घर यांची गांठ घालून दिली. तिचा नायक पुराणवस्तुसंशोधनाचा विद्यार्थी आहे, आणि मृत्युशय्येवर असलेल्या बापासाठीं तो खानदेशांतील आपल्या गांवीं परततो. वारशाला 'अडगळ' म्हणणें व तिलाच 'समृद्ध' म्हणणें, यांत मोठी मार्मिकता आहे. कारण माळ्यावरची अडगळ टाकवतही नाहीं आणि वापरवतही नाहीं. तथापि हा आवाजही पांढरींतल्या मातब्बर कुणबी घरांतला आहे. पांढरीच्या कडेला, ओढ्यापलीकडे ज्यांच्या झोंपड्या, त्यांचा शब्द ऐकावयाचा तर शहाद्याच्याच भागांतील वाहरू सोनवणे यांच्या 'गोधड' (१९८७) या संग्रहाकडे वळलें पाहिजे. भिल्ल समाजांतला, चळवळींत वाढलेला हा कवि आपल्या माणसांविषयीं दुसऱ्यांनीं व्यासपीठावरून बोलावें याचाच निषेध करतो. मीं वर ज्या कसोटीचा शोध चालविला आहे ती त्यानें कवितेंत कधींच मांडून ठेवली आहे.

आणि या कामाला फार सवड आहे असेंही नाहीं. याच जिल्ह्यांतील अक्कलकुवा व अक्राणी या तालुक्यांतील नर्मदाकांठचीं ३३ गांवें सरदार सरोवराच्या बुडिताखालीं आलीं. कांहीं समूळ गेलीं, कांहीं अंशतः. धरण हवें कीं नको हा वाद या लेखाच्या कक्षेबाहेरचा आहे. पण ब्लास्केट उठलें तेव्हां त्याच्या मागें तीन ग्रंथ होते, आणि हीं गांवें पाण्याखालीं गेलीं तेव्हां त्यांच्या माणसांनीं स्वतः लिहिलेलें असें काय आपल्या कपाटांत होतें, हा प्रश्न वाङ्मयाचा अभ्यास करणारानें टाळूं नये.

मीं तो पुष्कळ वर्षें टाळला, हें येथें कबूल केलें पाहिजे. सुमारें पंचवीस वर्षांपूर्वीं मीं नवीनच शिकवूं लागलों असतां पहिल्या वर्षाच्या वर्गाला 'माझें गांव' हा ठराविक विषय दिला होता. तापीकांठच्या एका वस्तींतल्या भिल्ल मुलानें चार पानें लिहिलीं. त्यांत देऊळ नव्हतें, हिरवीं शेतें नव्हतीं, पहांटेचा कोंबडा नव्हता. पावसाळ्यानंतर नदीकांठची दरड कोसळते. मग त्याची आजी तेथून घर सारवावयास पांढरी माती आणते. त्या मातींत कधीं कधीं मडक्यांचे तुकडे निघतात व त्यांवर मासे काढलेले असतात. लहान मुलें त्या तुकड्यांनीं खेळतात आणि आजी त्यांना सांगते कीं, हे आपल्या जुन्या माणसांनीं काढलेले मासे आहेत. असें त्यानें लिहिलें होतें. माशांच्या चार-पांच जातींचीं नांवें त्यानें आपल्या बोलींत दिलीं होतीं. मीं त्या सर्व शब्दांखालीं तांबड्या शाईनें रेघा ओढल्या, समासांत 'अशुद्ध' असें लिहिलें, मडक्यांचा परिच्छेद 'विषयास सोडून' म्हणून कापला आणि पास होण्यापुरते गुण दिले. मुलानें वही घेतली व तो कांहीं बोलला नाहीं. दुसऱ्या सत्रांत तो वर्गांत दिसला नाहीं; त्याचें कारण माझे गुण होते असें म्हणण्याइतका मी स्वतःला महत्त्वाचा समजत नाहीं.

पुढें कित्येक वर्षांनीं सावळद्याच्या खापरांचीं चित्रें एका ग्रंथांत पाहत असतां माझें लक्ष त्या माशांवर खिळलें. मीं ज्याला विषयांतर म्हटलें होतें तोच विषय होता. त्या म्हातारीचें म्हणणें वंशशास्त्राच्या दृष्टीनें सिद्ध करतां येईल कीं नाहीं हा प्रश्न निराळा. परंतु चार हजार वर्षांपूर्वींचा चितारी आणि आजचा कोळी यांना एकाच नदीचे मासे ठाऊक होते, हें तिनें ओळखलें होतें, व तिच्या नातवानें तें लिहिलें होतें. मडकें आणि माणूस यांना एका वाक्यांत आणणारा, वर वर्णिलेल्या साऱ्या चरित्रकारांत न सांपडणारा लेखक माझ्यासमोर तिसऱ्या बांकावर बसला होता. उणीव लेखकाची नव्हती. ब्रायन केलीची होती.

म्हणून गांवाविषयींच्या लेखनाला लावण्याची कसोटी मी आतां अशी समजतों : त्यांतील माहिती खरी असावी हें तर झालेंच, पण तें लेखन वाचून त्या गांवांतल्या माणसाला 'हें माझें आहे, आणि येथें माझें चुकलें आहे' असें दोन्ही म्हणतां यावें. माहात्म्याला तो चूक म्हणूं शकत नाहीं, गॅझेटिअर व वृत्तांत यांना आपलें म्हणूं शकत नाहीं. आमच्या महाविद्यालयांतून अहिराणी, गुजरी, भिल्ली, पावरी बोलणारीं मुलें दरवर्षीं बसतात. त्यांच्याकडून एकेका पांढरीचें टिपण त्यांच्या त्यांच्या शब्दांत लिहून घेण्यास अनुदान लागत नाहीं, मंडळ नेमावें लागत नाहीं. तांबडी दौत बाजूस ठेवावी लागते. दोन वर्षांपासून मीं तसें करूं लागलों आहें. आलेलीं टिपणें सर्वच चांगलीं नाहींत. कित्येक पाठ्यपुस्तकांतल्या खेड्याचीं नक्कल आहेत, कारण मुलांना अजून आमचा विश्वास येत नाहीं. पण त्यांत मधूनच एखाद्या नाल्याचें, एखाद्या माशाचें असें नांव येतें कीं जें मला ठाऊक नसतें, आणि मी त्या मुलाला जवळ बोलावून त्याचा अर्थ विचारतों.

ती जुनी वही मजजवळ असती, तर या लेखासाठीं मीं दुसरा एकही आधार शोधला नसता.